सकाळी टणक, दुपारी नरम: संत्र्याच्या ग्रेडिंग लाईनचे आकडे सरकत असतील तर

आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात निघणारा संत्र्याचा माल सुरू झाला की माझा फोन दुपारी दोन ते चारच्या मध्ये वाजतो. वरुड असो, मोर्शी असो, काटोल-नरखेडकडचं एखादं पॅकहाउस असो, बोलणं एकच असतं: "भाऊ, सकाळी लाईन बरोबर चालत होती, आता सारा माल नरममध्ये पडून राहिला." अकरा हंगामांपासून मी विदर्भाच्या या संत्रापट्ट्यात ग्रेडिंग लाईनी दुरुस्त करतो. हा एक बिघाड किती वेळा पाहिला याचा हिशोब ठेवलेला नाही. बहुतेक वेळा मशीन चांगलंच असतं. फळ बदललेलं असतं, नाहीतर काच मळलेली असते, नाहीतर करंट खाली आलेला असतो. म्हणून इंजिनिअरला गाडीभाडं देऊन बोलावण्याआधी काय काय पाहायचं, ते ज्या क्रमानं मी स्वतः पाहतो त्याच क्रमानं लिहितो.

लाईन कोणती ते आधी सांगतो. फळ न कापता, न टोचता पारखणारी. फळ बसतं त्या कपाखालच्या लोडसेलवर, म्हणजे वजनाच्या सेन्सरवर वजन, वरच्या कॅमेऱ्यात आकार आणि रंग एवढं तर बहुतेकांकडे असतं. वजन आणि आकार जुळवून मशीन घनता काढतं आणि त्यावरून पोला, म्हणजे सालीत आणि फोडींत पोकळी असलेला माल वेगळा करतं. काहींकडे पुढे गोडी मोजणारा दिवा असतो: हॅलोजनचा प्रकाश फळातून पार करून पलीकडच्या सेन्सरवर घ्यायचा आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या लाल प्रकाशापलीकडच्या पट्ट्यावरून ब्रिक्सचा, म्हणजे रसातल्या गोडीच्या मापाचा अंदाज काढायचा. आणि काहींकडे टॅपर असतो, फळाला हलकी टिचकी मारणारा. टणक फळावर टिचकी झटकन परत येते, नरम फळावर ती रेंगाळते. कलिंगड घेताना आपण बोटानं वाजवून पाहतो, काम तेच.

लक्षणं नीट ऐकून घ्या

फोनवर मी पहिल्यांदा हेच विचारतो. "मशीन बिघडलं" हे लक्षण नाही.

दिवस चढेल तसा नरमचा ढीग हळूहळू वाढतो आणि संध्याकाळी परत कमी होतो, असं असेल तर संशय फळाच्या तापमानावर. गोडीचा आकडा दिवसभर एकाच दिशेनं सरकतो, परत येत नाही, तर दिवा, काच किंवा पांढरी टाइल (मशीनला पांढऱ्याचं माप देणारी चकती). सगळे आकडे एकदम उडी मारतात, दोन मिनिटांनी जागेवर येतात, तर करंट. ठरावीक फळांनंतर एकच फळ चुकतं, पुन्हा तेवढ्याच फळांनंतर चुकतं, तर तो एकच कप. फक्त टणकपणाचा आकडा नाचतो, वजन आणि गोडी शांत आहेत, तर टॅपर चालवणारी हवा. आणि एक शेवटचा प्रकार: आकडे अगदी स्थिर आहेत, सकाळ-दुपार सारखे आहेत, पण हाताला फळ वेगळंच लागतं. तो प्रकार बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे, त्याबद्दल खाली.

काहीही करण्याआधी: मर्यादेला हात लावू नका

स्क्रीनवर नरम-टणकची मर्यादा असते. दुपारी माल नरममध्ये जायला लागला की ऑपरेटरचा हात तिकडेच जातो, कारण ते सगळ्यात सोपं आहे. पहिल्या हंगामात मीही तेच केलं. बाहेर गाडी भरायची थांबलेली, व्यापारी डोक्याशी उभा, मी मर्यादा खाली घेतली. माल टणकमध्ये पडायला लागला, सगळे खूष. परत वर घ्यायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला थंडगार फळ लाईनवर आलं. थंड फळ मुळातच टणक दाखवतं, त्यात मर्यादा खाली. पोला, नरम, सगळं पहिल्या नंबरात गेलं. लांबच्या बाजारात ती पेटी उघडली तेव्हा खालच्या थरातला माल दबलेला निघाला. भाव तुटला तो शेतकऱ्याचा. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून माझा नियम आहे: कारण सापडेपर्यंत मर्यादा बदलायची नाही, आणि बदललीच तर जुना आकडा वेळेसकट वहीत लिहूनच.

दहा फळं आणि एक बॉल

ही तपासणी फुकट आहे आणि अर्धं निदान इथंच होतं. चालू मालातली दहा फळं उचला: तीन हाताला चांगली टणक, तीन नरम, चार मधली. मार्करनं एक ते दहा नंबर टाका. ती दहाही फळं लाईनवरून पाचदा फिरवा, दरवेळी आकडा लिहा.

एकच फळ पाचही वेळा जवळपास तोच आकडा देत असेल, तर मशीनची नजर स्थिर आहे. बदल फळात आहे किंवा मर्यादा चुकली आहे. तेच फळ दरवेळी वेगळा आकडा देत असेल तर मशीनमध्ये काहीतरी हलतंय. गोडीत अर्ध्या-एक ब्रिक्सची चुळबुळ या पद्धतीत चालतेच, तिच्यामागे लागू नका. फळ कपात कसं बसलं त्यानंही फरक पडतो. आपल्या संत्र्याला देठाशी कधी कधी मान असते, टिचकी तिथं बसली तर वेगळा आकडा, पोटावर बसली तर वेगळा. म्हणून एकदा पाचही फेऱ्यांत फळ हातानं सारखंच, देठ बाजूला करून ठेवून पाहा. तेवढ्यानं आकडे शांत झाले तर दोष फळ फिरवणाऱ्या रोलरचा आहे, सेन्सरचा नाही.

फळ रोज बदलतं, म्हणून सोबत एक न बदलणारी वस्तूही हवी. मी संत्र्याएवढा प्लॅस्टिकचा बॉल घेतो, वाळूनं गच्च भरतो, भोक एम-सीलनं बंद करतो आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करून बॉलवरच लिहितो. वजन आणि आकार यासाठी तो पुरतो. टॅपरसाठी रबरी बॉल लागतो, पण रबरही उन्हात मऊ पडतं. तो ऑफिसात सावलीत ठेवायचा, लाईनशेजारच्या खिडकीत नाही.

फळाचं तापमान: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

डिसेंबरच्या सकाळी आपल्याकडे पारा दहा-बारावर असतो, दुपारी अठ्ठावीस-तीसवर जातो. रात्री उघड्यावर राहिलेल्या कॅरेटमधलं फळ सकाळी आतपर्यंत गार असतं. तेच कॅरेट दुपारी ट्रॉलीत उन्हात उभं राहिलं की वरच्या थराची साल चटका लागावा इतकी तापते आणि खालचा थर अजून गार असतो. एकाच कॅरेटमध्ये दोन तापमानाची फळं.

तापलेली साल मऊ पडते, टिचकी रेंगाळते, आकडा खाली येतो. शिवाय सकाळी फळ पाण्यानं फुगलेलं असतं, पेशी ताणलेल्या असतात, म्हणून ते टणक लागतं. तोडून बारा-चोवीस तास झाले की सालीतलं पाणी थोडं उडतं आणि तेच फळ जरा ढिलं होतं. त्यात वाईट काही नाही, उलट वाहतुकीला ते बरं. पण मशीनला हे कळत नाही. एका बाजूनं कालचं तोडलेलं आणि दुसऱ्या बाजूनं आत्ताच तोडलेलं फळ एकाच लाईनवर टाकलं, तर आकडा फळाची प्रत सांगत नाही, तोडणीची वेळ सांगतो.

गोडीचा आकडाही यातून सुटत नाही. फळात सगळ्यात जास्त असतं पाणी, आणि पाणी ९७० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं. पाणी तापलं की तो पट्टा थोडा सरकतो. मशीन सगळा अंदाज त्याच भागातून काढत असतं, म्हणून तापमान बदललं की गोडी न बदलता ब्रिक्स बदललेला दिसतो.

तपासायचं कसं? ती दहा फळं दोन भागांत वाटा. पाच सावलीत, पाच तासभर उन्हात. मग दोन्ही लाईनवरून काढा. उन्हातल्या पाचांचा आकडा जेवढा सरकला, तेवढाच तुमचा रोजचा बिघाड असेल, तर मशीनचा काही दोष नाही, पाना खाली ठेवा. हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, पण तो फक्त सालीचं तापमान सांगतो. आतलं पाहायचं तर एक फळ बळी देऊन सळईचा थर्मामीटर खुपसावा लागतो.

उपाय शेडमध्येच आहे. माल आला की सावलीत, वारा लागेल असा किमान रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चालवा. कॅरेटवर तोडणीची तारीख आणि वेळ खडूनं लिहा, एका वेळी एकाच वेळेचा माल लाईनवर घ्या. दव असताना तोडू नका. ते फक्त मशीनसाठी नाही. ओल्या, ताठ सालीवर जरा दाब पडला की तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि दोन-तीन दिवसांनी तिथं तपकिरी डाग उमटतो. मशीनमध्ये तापमानाची दुरुस्ती करायची सोय असेल तर ती चालू आहे का पाहा. मला ती बंद केलेलीच सापडते, कारण तिचा सेन्सर कधीतरी तुटलेला असतो आणि कोणीतरी अलार्म येऊ नये म्हणून ती सोयच बंद करून टाकलेली असते.

पुसणं, पण कशानं

वॅक्सिंगच्या पुढे लाईन असेल तर हवेत मेणाचा बारीक थर असतोच. तो कॅमेऱ्याच्या काचेवर, गोडीच्या खिडकीवर, कपांच्या कडेला बसतो. थंड सकाळी त्यावर दव धरतं. बोटानं काच पुसून पाहा, बोट चिकट लागलं तर समजा.

यानं काय होतं ते आकड्यात सांगतो. काच धुरकट झाली की कॅमेऱ्याला फळाची कड पसरट दिसते. सात सेंटीमीटरचं फळ दीड मिलिमीटर मोठं मोजलं गेलं, तर व्यासात चूक फक्त दोन टक्के, पण आकारमान व्यासाच्या घनानं वाढतं, म्हणजे तिथं चूक सहा टक्क्यांवर जाते. वजन बरोबर, आकारमान सहा टक्के जास्त, म्हणजे घनता सहा टक्के कमी. भरीव फळ पोला ठरायला एवढं पुरतं. पोल्याचा ढीग अचानक वाढला की मी सगळ्यात आधी फडकं मागतो ते यासाठी.

मऊ मायक्रोफायबरचं कोरडं फडकं, चिकट असेल तर त्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. पेट्रोल, थिनर, भांड्याचा साबण काहीही नको. प्लॅस्टिकची खिडकी एकदा पांढुरकी झाली की बदलावीच लागते. कंप्रेसरच्या पाइपानं काचेवर हवा मारू नका, त्यात तेल आणि पाणी असतं. लाईन पूर्ण बंद करून, मेन स्विच खाली करूनच हात आत घाला. शेडमध्ये काम करणाऱ्या बायांचा पदर, ओढणी चेनजवळ जाऊ नये ही जबाबदारी पुसणाऱ्याचीही आहे.

दिवा आणि पांढरी टाइल

हॅलोजन दिवा लावल्याबरोबर स्थिर होत नाही. वीस-तीस मिनिटं त्याला तापू द्यावं लागतं. सकाळी घाईत लाईन सुरू केली आणि दिवा तापायच्या आधीच पांढऱ्या टाइलवर माप घेतलं, तर दिवसभराची मोजणी चुकीच्या पायावर उभी राहते. मी ऑपरेटरला सांगतो: आधी दिवा लाव, मग चहा, मग टाइल.

टाइल दिसायला साधी पांढरी चकती असते, पण तीच मशीनचं "पांढरं म्हणजे काय" याचं माप आहे. तिच्यावर पिवळा डाग असेल तर मशीन त्या डागालाच पांढरं समजतं. टाइल डबीत ठेवायची, हातानं मधे धरायची नाही, कडेनं धरायची. काळोखाचं मापही घ्यायचं असतं, झाकण पूर्ण लावून. दुपारी पत्र्याच्या फटीतून ऊन खिडकीवर पडत असेल तर तेही आकड्यात शिरतं. एका ठिकाणी मी दोन दिवस मशीन उघडून बसलो होतो आणि बिघाड छतातल्या एका खिळ्याच्या भोकात होता. तीन वाजता ऊन बरोबर सेन्सरच्या पेटीवर यायचं.

दिव्याचे तास लिहून ठेवा. कंपनीनं सांगितलेले तास भरत आले की प्रकाश कमी होत जातो, पेटलेला दिसत असला तरी. बदलताना काचेला उघडं बोट लावू नका, बोटाचं तेल तिथं जळतं आणि दिवा लवकर फुटतो. आणि बदलण्याआधी गार होऊ द्या.

कप, चेन, आणि बंद काळातले पाहुणे

मे ते ऑक्टोबर बहुतेक शेड बंद असतात. त्या काळात उंदीर वायर कुरतडतात आणि कुंभारीण माशी दिसेल त्या भोकात मातीचं घर बांधते. व्हॉल्व्हच्या हवा सोडायच्या भोकात तिचं घर मला तीनदा सापडलं आहे. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात नाचणाऱ्या आकड्यांचं कारण बरेचदा इतकंच असतं.

ठरावीक फळांनंतर चूक होत असेल तर कपांवर नंबर टाका आणि कोणत्या कपात चूक होते ते लिहा. एकाच कपात असेल तर त्यात पान, देठ, मेणाचा गोळा, चिकटलेला रस असतो. मशीन रिकाम्या कपाचं वजन वजा करत असतं. त्यात दहा ग्रॅमचा गाळ नंतर साचला तर चुरीतला बारीक मालही वरच्या ग्रेडमध्ये सरकतो. कप कोमट पाण्यानं धुवा, वाळवा, मग रिकाम्या कपांची फेरी देऊन शून्य पुन्हा घ्या. चेन ढिली असेल तर कप लोडसेलवरून जाताना उडतो. हातानं उचलून पाहिली तर लगेच कळतं. लाईनचा वेग कमी करून तोच बॉल फिरवा: कमी वेगात वजन बरोबर आणि पूर्ण वेगात चुकत असेल तर चेन, बेअरिंग किंवा रूळ, लोडसेल नाही.

हवा

टॅपरची टिचकी हवेच्या दाबावर चालते. दाब कमी झाला की टिचकी हलकी होते आणि तेच फळ वेगळं वाचलं जातं. गेज पाहताना लाईन चालू असताना, फळं वेगळी करणारे गेट फटाफट उघडत असताना पाहा. लाईन बंद असताना गेज नेहमीच सुंदर दिसतो. काटा गेटबरोबर खाली-वर होत असेल तर टॅपरच्या आधीचा रेग्युलेटर काम करत नाही, किंवा पाइप बारीक पडतोय, किंवा कंप्रेसर लाईनला पुरत नाही.

टाकीखालचा नळ रोज सकाळी उघडून पाणी काढा. थंडीत ते जास्त साचतं. कोणताही पाइप काढण्याआधी दाब पूर्ण सोडा. सुटलेला पाइप डोळ्यावर बसतो, मी पाहिलं आहे.

करंट आणि अर्थिंग

गावात कृषी पंपांची थ्री फेज लाईन आली की सगळे पंप एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज खाली येतं. बिघाडाची वेळ आणि गावातल्या लाईनीची वेळ वहीत शेजारी लिहून पाहा. जुळत असेल तर कारण सापडलं. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार जास्त वेगानं घटतो: व्होल्टेज पाच टक्के खाली आलं तर प्रकाश साधारण पंधरा टक्क्यांनी कमी होतो. चांगल्या मशीनमध्ये दिव्याला स्थिर डीसी सप्लाय असतो, पण तो जुना झाला की खालचं व्होल्टेज सावरू शकत नाही.

मल्टीमीटर असेल आणि वापरता येत असेल तर सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा, लाईन चालू असताना. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगकडे पाहा. लोडसेलचा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये असतो, त्याला एवढा गोंधळ पुष्कळ झाला. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात अर्थिंग छान असतं, उन्हाळा आला की माती भेगाळून सळईपासून सुटते. मृग बहाराचा माल फेब्रुवारीपासून पुढे येतो तेव्हा हाच त्रास. खड्ड्यात नियमित पाणी टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. खड्डा नव्यानं करायचा असेल तर परवानाधारक वायरमनकडूनच.

थ्री फेज पॅनेलचं दार मात्र स्वतः उघडू नका. आत ४१५ व्होल्ट असतात.

लोडसेल

इथवर येऊनही वजनच नाचत असेल तर लोडसेल. याला हात लावायला मल्टीमीटरची सवय हवी. नसेल तर सरळ पुढच्या भागावर जा. मशीन बंद करून त्याची वायर कंट्रोलरमधून सोडवा. साधारण लोडसेलमध्ये सिग्नलच्या दोन वायरींत ३५० ओहमच्या आसपास आणि सप्लायच्या दोन वायरींत त्याहून थोडा जास्त, चारशेच्या आसपास रोध मिळतो. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून कागद पाहिल्याशिवाय अंदाजानं जोडू नका. आकडा खूप वेगळा असेल किंवा वायर हलवली की बदलत असेल तर वायर कुरतडलेली आहे किंवा लोडसेल गेला. मेगर (इन्सुलेशन तपासायचं जास्त व्होल्टेजचं मीटर) लावू नका, त्याच्या व्होल्टेजनं चांगला लोडसेलही जळतो.

आणि कृपा करून लाईनच्या फ्रेमवर लोडसेल जागेवर असताना वेल्डिंग करू नका. एका शेडमध्ये पत्र्याची साधी पट्टी जोडायला गावातल्या वेल्डरला बोलावलं. अर्थचा चिमटा दुसऱ्या टोकाला लावला, करंट फ्रेममधून, लोडसेलमधून गेला. पट्टी जोडली गेली, पण चारही लोडसेल एका दुपारी गेले, आणि तेही ऐन हंगामात.

आकडे स्थिर आहेत, पण फळ हाताला खोटं लागतं

आता तो वेगळा प्रकार. दहा फळं पाचदा फिरवली, आकडे हलत नाहीत, तापमान सारखं, काच स्वच्छ. तरी ढिगातून फळ उचललं तर पोला.

एका शेडमध्ये वीस-बावीस वर्षांपासून माल निवडणाऱ्या एक मावशी आहेत. मी मशीनच्या पहिल्या नंबरातलं फळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा देठाजवळ टेकवला, दाबला नाही, फक्त टेकवून फिरवला. "पोला आहे भाऊ. मशीनले नाही समजत." मी फळ सोललं. सालीत आणि फोडींत बोट जाईल एवढी जागा होती. फोडी मात्र घट्ट, रसाळ.

त्यांचं खरं होतं. संत्र्याची साल मुळातच फोडींना सैल असते आणि पिकत जाईल तशी सुटते. सफरचंदात टणकपणा म्हणजे गराचा टणकपणा. संत्र्यात सालीचा ताण, आतली पोकळी आणि फोडी हे तीन्ही मिळून एक आकडा तयार होतो. आवाजाच्या पद्धतीनं टणकपणा काढणारी मशीन फळाच्या कंपनाचा वेग आणि वजन यांवरून हिशोब करतात. मोसंबीला, कलिंगडाला ती बरी चालतात, सैल सालीच्या संत्र्यावर फसतात. म्हणून संत्र्यासाठी मी टॅपरपेक्षा घनतेच्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवतो. त्याची खातरजमा बादलीभर पाण्यात होते: संत्रा बहुतेक तरंगतोच, पण पोला फळ बरंच वर राहतं आणि भरीव फळ जेमतेम पाठ दाखवतं. ही फळं नंतर पुसून वेगळी ठेवा, ओली पेटीत घालू नका.

गोडीचंही तसंच. मशीनच्या पोटात जो हिशोब भरलेला असतो तो कुठल्यातरी फळांवर शिकवलेला असतो. किन्नूवर किंवा बाहेरच्या पातळ सालीच्या फळावर शिकवलेला हिशोब नागपुरी संत्र्यावर चुकतो. आंबियावर शिकवलेला मृगावर चुकू शकतो. रंगावरूनही अंदाज बांधू नका. आंबियाचं फळ आतून खाण्याजोगं झालेलं असताना बाहेरून हिरवट असू शकतं.

पडताळणीला रिफ्रॅक्टोमीटर (रसाच्या थेंबावरून ब्रिक्स दाखवणारं यंत्र) घ्या. आधी स्वच्छ पाण्यावर शून्य करा. दहा-पंधरा फळं लाईनवरून काढा, आकडा लिहा, मग कापून पूर्ण फळाचा रस एकत्र करून मोजा. एकाच फोडीचा रस घेऊ नका, देठाच्या बाजूपेक्षा तळाची बाजू गोड असते आणि उन्हाकडची बाजू सावलीकडच्यापेक्षा. आपल्या संत्र्यात साधारण १० ते १२ ब्रिक्स मिळायला हवा. मशीन सगळीकडे एकसारखंच जास्त किंवा कमी दाखवत असेल तर तेवढा फरक मशीनच्या दुरुस्तीच्या खान्यात टाकता येतो, तो तुम्ही करू शकता. पण गोड फळाला कमी आणि आंबट फळाला जास्त दाखवत असेल, तर हिशोबच नव्यानं शिकवावा लागेल.

इथं थांबा

हिशोब नव्यानं शिकवणं हे तुमचं आणि माझंही काम नाही. त्याला वेगवेगळ्या बगीच्यांतली, कच्च्यापासून जास्त पिकलेल्यापर्यंतची पुष्कळ फळं लागतात आणि मशीन कंपनीचा माणूस लागतो. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत किंवा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात संत्र्याच्या पक्वतेवर काम करणारे लोक आहेत, त्यांचा सल्ला घ्या.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर लाईन थांबवा आणि माणूस बोलवा: फ्रेमला हात लावला की झिणझिण्या, पॅनेलमधून जळका वास, दिवा नवा असूनही प्रकाश फडफडणं, नवीन लोडसेल लावूनही वजन न थांबणं, सेन्सरच्या पेटीत ओल. सेन्सरची पेटी तुम्ही उघडू नका. तिचं सील तुटलं की आतल्या आरशांवर धूळ बसते, आणि ती पुसण्याच्या नादात जे नुकसान होतं ते दुरुस्त होत नाही.

बोलावताना फोनवर "बिघडलं" म्हणू नका. दहा फळांचे पन्नास आकडे, बॉलचं वजन, फळाचं तापमान, बिघाडाची वेळ, गेजचा आकडा, दिव्याचे तास एवढं सांगा. बरेचदा माणूस यायच्या आधीच बरोबर सुटा भाग घेऊन निघतो आणि तुमची एक फेरी वाचते. दुरुस्ती झाल्यावर त्याच्यासमोर तीच दहा फळं पुन्हा पाचदा फिरवून घ्या, आणि आकडे जुळल्याशिवाय सही करू नका. वही पॅनेलच्या दाराला सुतळीनं बांधून ठेवा. मृगाची पहिली गाडी आली की नवीन दहा फळं, नवीन पान.